दगड कुणाचा, पैसे कुणाचे

इंग्लंडला गेलं की लोक राजवाडे बघतात, म्युझियमं बघतात, आउटलेटमध्ये जाऊन बॅगा भरतात. मी चर्चच्या आवारात शिरते. आत चर्चमध्ये नाही, बाहेरच, जिथे थडगी असतात तिथे. लेक शेफिल्डला असते त्यामुळे जाणंयेणं होतं, आणि तिकडची खेडी अशी की बस तासाला एक, रविवारी तीही नाही, मग बसची वाट बघत करायचं काय तर समोर चर्च असतंच, फाटक उघडं असतं, तिकीट नाही, कुणी हटकत नाही, बसायला बाक असतो, फिरा किती फिरायचं ते. अशी सवय लागली. आता बस वेळेवर आली तर मलाच राग येतो.

घरात याचं कौतुक शून्य. नवरा बाकावर बसून मोबाईलवर स्कोअर बघतो. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर एकदा हौसेने फिरवून दाखवलं तर म्हणाल्या, “अगं, एवढं विमानाचं तिकीट काढून गेलीस ते मसणात फिरायला? तिन्हीसांजेच्या आत घरी ये बाई, आणि आल्याबरोबर आंघोळ कर.” मी हो म्हणते. आंघोळ करत नाही, तिकडच्या थंडीत दिवसातनं दोनदा कोण करणार.

गंमत म्हणजे जुन्या चर्चच्या आवारात पहिल्यांदा बघायची गोष्ट दगड नाहीच, जमीन आहे. बाहेरचा रस्ता खाली आणि आवार कमरेएवढं उंच, मधे भिंत ती माती धरून ठेवायला, आणि चर्चच्या दाराशी जायचं तर कधीकधी उलट दोन पायऱ्या उतरून, म्हणजे चर्च जणू खचलंय असं वाटतं. चर्च खचलेलं नसतं, जमीन वर आलेली असते. सातशे-आठशे वर्षं, काही ठिकाणी हजारच्या आसपास, गावातला प्रत्येक माणूस त्या एवढ्याशा जागेत पुरलाय, एकावर एक, जुनी हाडं बाजूला सारून नवीन माणूस. गरिबाला स्वतःची शवपेटीसुद्धा मिळायची नाही. गावाची एक सामायिक पेटी असायची, तिच्यात घालून न्यायचं, खड्ड्यापाशी बाहेर काढायचं आणि नुसत्या कापडात ठेवायचं, पेटी परत चर्चमध्ये, पुढच्यासाठी. कापडाचंही स्वातंत्र्य नव्हतं बरं का. सतराव्या शतकात पार्लमेंटने कायदाच केला की मढं गुंडाळायचं ते इंग्लिश लोकरीच्याच कापडात, नाहीतर 5 पौंड दंड, कारण लोकरीचा धंदा चालला पाहिजे. हा कायदा कागदावर 1814 पर्यंत होता. मेल्यावरसुद्धा स्वदेशी!

तर एवढी माणसं खाली, आणि वर दगड किती, तर दोनशे, तीनशे. सतराव्या शतकाच्या आधीचा उभा दगड आवारात सापडला तर नशीब. ज्यांच्याकडे पैसा होता ते चर्चच्या आत, फरशीखाली, बाकीच्यांना फार तर लाकडाची फळी, ती कुजून जायची. म्हणजे आपण ज्याला गावाचा इतिहास म्हणून वाचत हिंडतो तो त्यातल्या पैसेवाल्यांचा, आणि तोही शेवटच्या तीनेकशे वर्षांचा. हे लक्षात आलं तेव्हापासून माझी वाचायची पद्धत बदलली. खाली कोण झोपलंय हे तर दगड सांगतोच, मी आधी शोधते की तो लावला कुणी, आणि पैसे कुणी दिले.

बहुतेक वेळा उत्तर दगडावरच असतं, फक्त ते मोठ्या अक्षरात नसतं. नवऱ्याचं नाव वर ठसठशीत, त्याचा धंदा, त्याचं गाव, त्याचे गुण. मग खाली ‘आणि वरील गृहस्थांची पत्नी मेरी’, तिला ना धंदा ना गाव, कधीकधी माहेरचं आडनाव असतं तेवढंच. मग मुलं. एकाच घरात विल्यम नावाची दोन मुलं दिसली की आधी मला वाटायचं चूक आहे, पण ती चूक नाही, पहिला विल्यम गेला की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची पद्धत होती. आपल्याकडे गेलेल्या आजोबांचं नाव नातवाला देतात, तिथे गेलेल्या भावाचं. मग सगळ्यात खाली, जवळजवळ गवतात, पाथरवटाचं नाव आणि गाव. हे शोधायला मला गुडघ्यावर बसावं लागतं आणि माझ्या सगळ्या पँटींना त्या गवताचे डाग आहेत. पण तो बिचारा स्वतःची जाहिरात करून गेलाय, वाचायला नको?

दगडाच्या जातीवरही खूप असतं. लेस्टरशायरमध्ये स्विथलंड नावाच्या गावाजवळची पाटी, म्हणजे स्लेट, ती बघाच. अडीचशे वर्षांपूर्वीची अक्षरं काल कोरल्यासारखी, वळणं, वेलबुट्ट्या, अक्षरांच्या शेपट्या अशा सफाईने फिरवलेल्या की वाटावं बोरूने लिहिलंय. आणि मागे जाऊन बघितलं तर तोच दगड ओबडधोबड, खाणीतून निघाला तसाच. पुढच्या बाजूचे पैसे घेतले, मागच्या बाजूचे नाही, विषय संपला. याउलट यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर व्हिटबीला, टेकाडावरच्या सेंट मेरी चर्चपाशी, वालुकाश्म समुद्राच्या वाऱ्याने असा खाल्लाय की रांगेने दगड उभे आहेत आणि एकावरही नाव उरलेलं नाही. तिथला कडाही ढासळतो, 2013 च्या सुरुवातीला दरड कोसळली तेव्हा थडग्यांतली हाडं खाली गावात आली होती. त्याच चर्चच्या भिंतीला एक मजकूर आहे तो मात्र वाचता येतो, फ्रान्सिस आणि मेरी हंट्रॉड्सचा. दोघांचा जन्म एकाच दिवशी, 19 सप्टेंबर 1600, लग्न वाढदिवसाला, बारा मुलं, आणि दोघं गेले तेही 80 व्या वाढदिवशी, पाच तासांच्या अंतराने. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, “पाच तास तरी शांतता मिळाली असेल एकाला.” असो.

अक्षरं कोरताना जागा संपली की काय करायचे हेही बघण्यासारखं असतं. डर्बीशायरमधल्या एका खेड्यात (नाव नाही सांगत, उगाच गर्दी नको) एका दगडावर आडनावातलं एक अक्षर राहून गेलंय, आणि पाथरवटाने खाली छोटीशी खूण करून ते वरती बारीक कोरून बसवलंय, शाळेच्या वहीत आपण करायचो तसंच. दगड बदलला नाही. म्हणजे घरच्यांनी ते चालवून घेतलं, किंवा घासाघीस करून पैसे कमी दिले असतील, मला दुसरं जास्त खरं वाटतं.

कवट्या, खाली आडव्या हाडांची जोडी, वाळूचं घड्याळ, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. पुढे कवटीला गाल येतात, पंखवाली बाळं होतात, मग कलश आणि त्यावर टाकलेलं कापड, मग व्हिक्टोरियन काळात नांगर, तुटका खांब, वेल. एवढं कळलं तरी लांबून दगडाचं वय सांगता येतं, भाव खायला बरं पडतं. यूची झाडं असतात, काळपट हिरवी, विषारी, काही चर्चपेक्षाही म्हातारी. कॉट्सवोल्ड्समधल्या पेन्सविकला तर म्हणे 99 च जगतात, शंभरावं लावलं की सैतान उपटून टाकतो. मोजली तर आता शंभराच्या वर आहेत. सैतानही कंटाळला असेल.

आणि दगडफूल! आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच कुळातली मंडळी त्या थडग्यांवर पसरलेली असतात, करडी, केशरी, हळदीच्या डागासारखी पिवळी. ब्रिटनमध्ये यांच्या साधारण 2000 जाती आहेत आणि त्यातल्या 700 च्या वर चर्चच्या आवारांत नोंदल्या गेल्यात, कारण सपाट शेतीच्या मुलखात शेकडो वर्षं न हललेला दगड दुसरा आहेच कुठे. काही तर वर्षाला मिलीमीटरभरसुद्धा वाढत नाहीत. म्हणून ते खरवडायचे नसतात, ब्रश तर लांबच. अक्षरं दिसत नसतील तर मोबाईलचा टॉर्च दगडाच्या कडेला अगदी चिकटवून आडवा धरायचा, सावल्या पडतात आणि नाव वर येतं. किंवा सरळ सकाळी नाहीतर संध्याकाळी तिरक्या उन्हात जायचं, म्हणजे सासूबाईंच्या तिन्हीसांजेलाच. त्यांना दगडफुलाचा फोटो पाठवला तर लगेच, “मसाल्यापुरतं आणशील का थोडं?” थडग्यावरचं चालणार होतं, आंघोळ मात्र माझी व्हायला हवी!

शेफिल्डपासून बसने जाण्यासारखं ईम नावाचं गाव आहे, पीक डिस्ट्रिक्टमध्ये. स्पेलिंग वाचून कुणी आयम म्हणेल, पण ईम. प्लेगचं गाव. 1665 च्या उन्हाळ्याच्या शेवटी इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, ओलसर होता म्हणून त्याच्या हाताखालच्या जॉर्ज व्हिकर्सने तो चुलीपुढे पसरला, पिसवा बाहेर पडल्या, आणि सप्टेंबरात व्हिकर्स गेला. मग एकेक घर. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथला तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, धर्ममतावरून नोकरी गेलेला थॉमस स्टॅन्ली, दोघांचं एरवी पटणारं नव्हतं, त्यांनी एकत्र येऊन गावाला सांगितलं की कुणी बाहेर जायचं नाही. गावाने ऐकलं. हद्दीवरच्या दगडाला भोकं पाडून त्यात व्हिनेगर ओतायचं, त्यात पैसे ठेवायचे, बाहेरचे लोक धान्य ठेवून पैसे घेऊन जायचे. चॅट्सवर्थच्या जहागीरदाराने धान्य पुरवलं. नोव्हेंबर 1666 पर्यंत सुमारे 260 माणसं गेली.

हे सगळं माहीत करून घेऊन मी गेले आणि चर्चच्या आवारात प्लेगची थडगी शोधायला लागले. एक सापडलं, कॅथरिन मॉम्पेसनचं, पाद्रीच्या बायकोचं, ऑगस्ट 1666, जवळच बाराशे वर्षांच्या आसपास जुना सॅक्सन क्रॉस आहे. बाकी? बाकी तिथे नाहीत. कारण गाव बंद करण्याबरोबर आणखी दोन ठराव झाले होते, एक हा की चर्चमध्ये जमायचं नाही, प्रार्थना उघड्यावर दरीत, आणि दुसरा हा की मेलेल्याला चर्चच्या आवारात आणायचं नाही, ज्याचं माणूस त्याने आपल्या परसात, आपल्या शेतात पुरायचं. म्हणजे ज्या गावाचं नाव जगात मरणामुळे झालं त्याच्या दफनभूमीत ते मरण जवळपास नाहीच. ते परसांत आहे, गुलाबाच्या वाफ्यांखाली, मेंढ्यांच्या कुरणात.

त्यातली बघायला मिळतात ती रायलीची थडगी. गावाबाहेर चढ चढून जावं लागतं, आणि मग उघड्या कुरणात एक गोल दगडी कुंपण, आत सात दगड, हॅनकॉक कुटुंबाचे. ऑगस्ट 1666 च्या 3 ते 10 तारखेत, आठ दिवसांत, एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने नवरा आणि सहा मुलं पुरली. एकटीने. मदतीला कुणी येणं शक्यच नव्हतं. तारखा त्या दगडांवर आहेत, एकाखाली एक अशा नाहीत, प्रत्येक दगडावर वेगळ्या, त्यामुळे गोल फिरत वाचावं लागतं आणि फिरताना आपोआप बेरीज होत जाते. एलिझाबेथ स्वतः तिथे नाही. ती जगली. तिचा एक मुलगा शेफिल्डला उमेदवारी करायला गेलेला होता म्हणून वाचला होता, ती त्याच्याकडे गेली, आणि हे दगड त्याने नंतर लावले असं सांगतात. म्हणजे बघा, ज्यांच्या घरात शेफिल्डला पाठवलेलं एक पोरगं उरलं त्यांचे दगड आहेत. ज्यांच्या घरात कुणीच उरलं नाही त्यांचा दगड कोण लावणार?

आणि हो, पाद्रीबुवांनी गाव बंद करायच्या आधी स्वतःची मुलं गावाबाहेर पाठवून दिली होती. हे तिथल्या माहितीफलकांवर जरा हळू आवाजात असतं. मला त्यांचा राग येत नाही, बायकोसह ते स्वतः राहिले आणि बायको गमावली, पण ‘गावाने एकदिलाने त्याग केला’ अशी जी गोष्ट सांगतात त्यात ज्यांना मुलं पाठवायला जागा होती आणि ज्यांना नव्हती हा फरक असतोच की. पुण्याचं माणूस प्लेग म्हटलं की 1897 वरच येतं, माझंही तेच झालं. आपल्याकडे कुणी गावाला समजावलं नाही, रँडच्या हुकमाने सोल्जर घरात घुसले, देवघरापर्यंत. आणि त्याच प्लेगात सावित्रीबाई गेल्या, 10 मार्च 1897, आजारी पोराला मुंढव्याहून स्वतः उचलून आणताना लागण होऊन. तिथे कुरणात उभं राहून हे लेकीला सांगत होते, तर मागून एक मेंढी अशी काही खाकरली की दोघी दचकलो.

ईमचं आवार सोडण्याआधी नवऱ्याला उठवलंच, कारण तिथे एक थडगं खास त्याच्यासाठी आहे. हॅरी बॅगशॉ, डर्बीशायरचा क्रिकेटपटू, पुढे अंपायरही झाला, 1927 साली वारला. दगडावर कोरलंय काय तर स्टंपा, चेंडू येऊन आदळलेला, बेल्स उडालेल्या, आणि वरती एक हात, बोट वर केलेला. आउट! नवरा किती वेळ त्या दगडापुढे उभा होता. मग म्हणाला, “बोल्ड झाल्यावर अंपायरला बोट दाखवायची गरज काय?” मुद्दा बरोबर होता.

हॉवर्थला लोक जातात ते पाद्रीच्या लेखिका मुलींसाठी, म्हणजे ब्राँटे बहिणींसाठी, घर बघतात, चहा पितात आणि निघतात. घर आणि चर्च यांच्या मधलं आवार हेच खरं बघायचं. तिथे उभे दगड कमी आणि आडव्या लाद्या जास्त, एकीला एक चिकटून, फरशी घातल्यासारख्या, पावसात तर चालताना जीव मुठीत. एका दशकात, 1840 ते 1850, इथे 1344 माणसं पुरली. गावात माणूस सरासरी 25.8 वर्षांचा होऊन मरत होता आणि 41 टक्क्यांहून जास्त मुलं सहा वर्षांची व्हायच्या आत. पाद्री पॅट्रिक ब्राँटे यांनी सरकारकडे अर्ज केले, तेव्हा 1850 मध्ये बेंजामिन हर्शेल बॅबेज नावाचा इन्स्पेक्टर आला, गणकयंत्रवाल्या बॅबेजचा मुलगा. त्याने लिहिलं की आवार चढावर, गाव उतारावर, पाणी कुठून झिरपतं बघा, संडासांची घाण उघडी, आणि थडग्यांवरच्या या आडव्या लाद्यांमुळे खाली हवा नाही, वर झाड उगवत नाही, मढी कुजतच नाहीत. 1864 मध्ये मुद्दाम झाडं लावली, जमीन मोकळी व्हावी म्हणून. आज त्या झाडांवर कावळ्यांची कॉलनी आहे, दंगा विचारू नका, आणि पर्यटक म्हणतात वा काय गूढ वातावरण. अहो, ते ड्रेनेजचं काम आहे. मला हॉवर्थ याच कारणासाठी आवडतं. बापाच्या प्रेमाने, इभ्रतीसाठी घेतलेली जड लादी, महागातली, आणि तीच खालच्या उताराला राहणाऱ्याच्या पाण्याशी खेळ करतेय, हे कुणाच्या गावीही नाही.

ब्रिस्टलला गेलो ते लेकीच्या मैत्रिणीकडे. शहराच्या बाहेरच्या अंगाला हेनबरी म्हणून भाग आहे, तिथल्या सेंट मेरीच्या आवारात एक थडगं आहे, डोक्याशी एक दगड आणि पायाशी एक, दोन्हींवर काळ्या चेहऱ्याची पंखवाली बाळं, रंगवलेली. सिपिओ आफ्रिकानस. सफोकच्या अर्लचा नोकर, 21 डिसेंबर 1720 ला गेला, वय 18. नाव रोमन सेनापतीचं, मालकाने दिलेलं. त्याला आईने दिलेलं नाव काय होतं, कुठून आणला, काही नाही. पायाच्या दगडावर कविता आहे ती ‘मी’ म्हणून बोलते: मी जन्मलो परधर्मी आणि गुलाम, आता ख्रिस्ती होऊन माझ्या थडग्यात गोड झोपलोय. पैसे मालकाचे, शब्द मालकाचे, आणि ‘मी’ कोण तर तो. त्या काळात गुलाम म्हणून आणलेल्या एवढ्या माणसांतून दगड मिळाला तो अगदी मोजक्यांना, म्हणून लोक त्याला प्रेमाचा पुरावा म्हणतात. असेलही प्रेम. अठरा वर्षांच्या पोराच्या तोंडी ते आभार घातलेले वाचून माझ्या पोटात कसंतरी झालं एवढं मात्र खरं. 2020 मध्ये ब्रिस्टलमधला गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा जमावाने पाडला, त्यानंतर थोड्याच दिवसांत कुणीतरी सूड म्हणून या मुलाचा दगड फोडला. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या पोरावर सूड. काय बोलायचं.

त्याच शहरात, आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत, राजा राममोहन रॉय आहेत. ते 1833 मध्ये ब्रिस्टलजवळ वारले, आधी मित्रांच्या घराच्या बागेत पुरलं, मग दहा वर्षांनी द्वारकानाथ टागोरांनी ही जागा घेऊन त्यावर दगडी छत्री उभी केली. क्रॉस आणि देवदूतांच्या गर्दीत एकदम आपल्याकडची छत्री, खांब, घुमट, वर कळस. इथे पैसे मित्राचे, आणि ते लगेच कळतं.

स्वतःच्या थडग्यावर सगळ्यात प्रामाणिक मजकूर मला दिसला तो वेल्समध्ये, रेक्सहॅमच्या सेंट जाइल्स चर्चच्या बाहेर, आणि माणूस होता महाबिलंदर. एलायहू येल, ज्याच्या नावाने अमेरिकेत युनिव्हर्सिटी आहे तो. 1687 पासून पाच वर्षं मद्रासचा गव्हर्नर, कंपनीच्या आडून स्वतःचा धंदा करून गब्बर झाला म्हणून काढून टाकलेला, गुलामांच्या व्यापारातही हात. 1721 मध्ये गेला. दगड म्हणतो अमेरिकेत जन्म, युरोपात वाढ, आफ्रिकेत प्रवास, आशियात लग्न. आणि पुढे, बरंच चांगलं केलं, थोडं वाईटही, तेव्हा हिशोब बरोबर झाला असावा अशी आशा. थोडं! जमाखर्च जुळवून मोकळा झालाय गडी. त्याचा मुलगा लहानपणीच मद्रासमध्ये गेला, त्याचं थडगं चेन्नईत हायकोर्टाच्या आवारात आहे.

चर्चच्या आतल्या भिंतींवर संगमरवरी पाट्या असतात त्यात हिंदुस्थानात मेलेले अधिकारी हमखास. कुठल्यातरी खेड्यात, कुठे ते आता आठवत नाही, पाटीवर ‘पूना’ वाचलं आणि माझं मन उगाचच घरी गेलं. पटकीने गेला होता, विशीतला पोरगा. पुरलेला इकडे, पाटी तिकडे. आईबापांनी कधी न बघितलेल्या गावाचं नाव कोरून घेतलं, स्पेलिंग आपल्याला येईल तसं.

आपल्याकडे वीरगळ असतात, गावाच्या वेशीला, देवळामागे, शेंदूर फासलेले. खाली लढाई, मधे अप्सरा त्याला उचलून नेतायत, वर पिंडीची पूजा, माथ्याला चंद्रसूर्य. सगळं आहे, नाव नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेकांवर अक्षरच नसतं. तो कसा मेला ते दिसतं आणि कोण होता ते नाही, आणि इंग्लंडात नेमकं उलट. गावाने गुरांसाठी, वेशीसाठी मेलेल्या माणसाचा दगड उभा केला तेव्हा नाव सगळ्यांना माहीतच होतं, कोरायची गरज कुणाला वाटली असेल? आमच्या घराण्याची नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आहेत म्हणे, सासऱ्यांनी बघितलीत. बायकांची आहेत का विचारलं तर म्हणाले, बघायला पाहिजे.

एक दगड मात्र मी अजून बघितलेला नाही आणि तो बघायचाच आहे. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात, पोकिप्सी गावच्या दफनभूमीत. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी. 1886 ला डॉक्टर झाल्या, 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या, बावीस वर्षंसुद्धा पुरी नव्हती. रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेत कार्पेंटरबाईंना पाठवली, ज्यांच्या घरी त्या राहिल्या होत्या, ज्यांना त्या मावशी म्हणायच्या. कार्पेंटरबाईंनी ती आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली आणि वर दगड लावला. फोटोत वाचलाय: आनंदीबाई जोशी, एम.डी., 1865–1887, शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री. नाव, लगेच पदवी, आणि ती काय करायला गेली होती ते. अमक्याची बायको नाही. ‘ब्राह्मण’ हा शब्द मला तिथे खटकतो, पण 1887 मध्ये तो ना इकडे कुणाला खटकला असता ना तिकडे.

न्यू जर्सी, न्यूयॉर्ककडे आपली मंडळी भरपूर आहेत. कुणी पोकिप्सीला जाणार असेल तर मला दगडाचा फोटो पाठवा, आणि नुसता पुढचा नको, तो इंटरनेटवर आहे. मागची बाजू, दोन्ही कडा, आणि तळाशी गवत जरा हाताने सारून पाथरवटाचं नाव आहे का तेही. हळदकुंकू लावू नका, तेल तर अजिबात नको, दगडात मुरतं आणि निघत नाही. फुलं चालतील. आणि शक्य झालं तर सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असताना.